दानाची इच्छा आणि दानाचा कागद

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत केलेल्या भाषणावरून)



वर्धापनदिनाच्या आनंदाच्या प्रसंगी मृत्युपत्राचा विषय काढावा, हे आपल्यापैकी काही जणींना रुचले नसेल. आमच्या शेजारच्या वहिनींनी तर कार्यक्रमपत्रिका पाहून मला जिन्यातच विचारले, “अहो, बरे आहे ना सगळे?” सगळे बरे आहे. बरे आहे म्हणूनच बोलावयाचे. अंथरुणाला खिळल्यावर हा विषय काढला, तर घरची माणसे रडू लागतात आणि विषय तेथेच राहतो.

दान आपल्याला नवे नाही. दळताना मूठभर धान्य वेगळे काढणाऱ्या बायका आपल्या आजीच्या पिढीत घरोघर होत्या. कर्मवीर भाऊराव पाटलांच्या वसतिगृहातील मुलांच्या तोंडी घास पडावा म्हणून लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने दिले आणि शेवटी मंगळसूत्रही मोडले, ही हकीकत आपण मुलांना सांगतो. अण्णासाहेब कर्व्यांच्या आश्रमासाठी पार्वतीबाई आठवले गावोगाव वर्गणी मागत हिंडल्या आणि पुढे अमेरिकेपर्यंत गेल्या. देण्याची वृत्ती आपल्यापाशी पुष्कळ आहे. उणे आहे ते एवढेच, की आपले देणे आपल्या मनात राहते, कागदावर उतरत नाही. हे उणे किती महाग पडते, ते मी माझ्याच घरी पाहिले आहे, म्हणून त्याच गोष्टीपासून सुरुवात करते.

माझी एक मावशी प्राथमिक शाळेत शिक्षिका होती. लग्नानंतर चार वर्षांतच तिचे यजमान वारले. मूलबाळ नव्हते. सासरचा संबंध पुढे लग्नपत्रिकेपुरताच उरला. मुलींच्या एका वसतिगृहात राहून ती ट्रेनिंग शिकली होती आणि नोकरी लागल्यावरही दोन वर्षे तेथेच राहिली होती. त्या जागेचे उपकार ती कधी विसरली नाही. “माझ्यामागे माझे जे काय असेल ते वसतिगृहाला,” हे वाक्य आम्ही भाचरांनी तिच्या तोंडून शंभर वेळा ऐकले असेल. रेक्टरबाईंनाही तिने तसा शब्द दिला होता. बँकेच्या ठेवींवर नॉमिनी म्हणून माझे नाव लावून ती म्हणाली, “तू तेवढे पोचते कर.” मी हो म्हटले. कागद करावा, हे तिलाही सुचले नाही आणि मलाही सुचले नाही.

मावशी गेली. ठेवींची रक्कम माझ्या हाती आली. चेक लिहिण्याच्या आधीच तिच्या दिराच्या मुलांकडून वकिलाची नोटीस आली. मी चिडले. ज्यांनी आजारपणात तिला एकदा पेलाभर पाणी दिले नाही, त्यांचा हक्क कसला, असे वाटले. आमच्या वकिलांनी मात्र मला शांतपणे बसवून कायदा समजावून सांगितला, आणि तो ऐकून माझा राग त्या मुलांवरून उतरून माझ्या स्वतःवर आला.

कायदा असा आहे. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने स्त्रीला तिच्या मालमत्तेची पूर्ण मालकी दिली. त्यापूर्वी विधवेच्या वाट्याला आलेली इस्टेट ही हयातीपुरती असे. तिने खावे, पण देऊ नये, असा प्रकार होता. १९५६ नंतर स्त्री स्वतःच्या मालमत्तेचे मृत्युपत्र करू शकते, हवे त्याला देऊ शकते. ही फार मोठी गोष्ट झाली. परंतु तिने मृत्युपत्र केलेच नाही तर काय, याचे उत्तर त्याच कायद्याच्या पंधराव्या कलमात आहे. आधी मुले, नातवंडे आणि पती. ती नसतील तर पतीचे वारस. आईवडील त्याच्यानंतर. आईबापांकडून वारशाने आलेली मालमत्ता निपुत्रिक स्त्रीच्या पश्चात माहेरी परत जाते, असा अपवाद आहे. पण स्वतःच्या कष्टाने मिळवलेल्या पैशाला तो अपवाद लागू नाही.

२००९ साली सर्वोच्च न्यायालयापुढे आलेले एक प्रकरण वकिलांनी मला सांगितले. १९५५ साली लग्न झालेली एक बाई तीन महिन्यांत विधवा झाली आणि सासरच्यांनी तिला घराबाहेर काढले. आईबापांनी तिला शिकवले, ती नोकरीला लागली आणि आयुष्यभर साठवून १९९६ साली मृत्युपत्र न करता वारली. तिचा सारा पैसा कायद्याप्रमाणे नवऱ्याच्या वारसांना मिळाला. सहानुभूतीने कायदा बदलता येत नाही, असा त्या निकालाचा आशय होता. पुढे २०२५ च्या नोव्हेंबरात त्याच न्यायालयाने स्त्रियांना, विशेषतः निपुत्रिक हिंदू स्त्रियांना, मृत्युपत्र करून ठेवण्याचे आवाहन केले. एवढ्या मोठ्या न्यायालयाने जे सांगितले, ते मंडळाच्या सभेत सांगावयास मला संकोच का वाटावा?

आणि नॉमिनीचे म्हणाल, तर बँकेचा नॉमिनी हा पैसा ताब्यात घेणारा, मालक नव्हे. खऱ्या वारसाला तो पोचता करणे हे त्याचे काम. विम्याच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाने १९८३ साली आणि शेअरच्या बाबतीत २०२३ साली असेच सांगितले. विम्याच्या कायद्यात २०१५ साली जवळच्या नातलगांपुरता बदल झाला, तेवढा सोडा. मी मालकीण नव्हते. मी सारी रक्कम त्या मुलांच्या हवाली केली. वाईट माणसे नव्हती ती. कायद्याने आले ते त्यांनी घेतले. पण वसतिगृहाच्या रेक्टरबाईंना पत्र मला लिहावे लागले. त्यांनी मावशीच्या शब्दावर विसंबून दोन खोल्यांचे छप्पर बदलण्याचे ठरवले होते. ते पत्र लिहिताना मला जी लाज वाटली, ती अजून गेलेली नाही.

आता दुसरी गोष्ट आपल्याच मंडळाची. कपाटात एक निळी फाईल आहे. १९६८ साली आपल्या एका सभासद भगिनीने पाटल्या मोडून मंडळाला तीन हजार रुपये दिले. त्या काळी ही रक्कम लहान नव्हती. त्यांनी मावशीसारखी चूक केली नाही, कागद केला. कागदावर लिहिले, “मंडळाच्या शिवणवर्गात शिकणाऱ्या विधवा भगिनीस शिवणयंत्र घेण्यास व्याजातून मदत व्हावी.” पंचवीस वर्षांत कित्येक बायकांना त्यातून आधार मिळाला. १९९४ साली शिवणवर्ग बंद पडला. तेव्हापासून रक्कम व्याजावर व्याज साठवीत बँकेत पडून आहे. आज ती वीस हजारांच्या वर गेली आहे आणि खर्च मात्र एक रुपया करता येत नाही. नर्सिंग शिकणारी एक मुलगी दोन वर्षांपूर्वी फीसाठी आपल्याकडे आली होती. वडील नाहीत, आई धुणीभांडी करते. पैसा कपाटात होता, पण ती मुलगी विधवा नव्हती आणि शिवण शिकत नव्हती. खजिनदार म्हणून मीच तिला नाही म्हटले. देणाऱ्या भगिनी आज असत्या, तर त्यांनी मला काय म्हटले असते?

एकीने कागद केला नाही, दुसरीने फार घट्ट केला. दोघींचा पैसा अडला.

ही अडचण आपलीच आहे असे समजू नका. अमेरिकेत सेंट लुइस शहराचे एक महापौर होते, ब्रायन मुलनफी. ते १८५१ साली वारले. पश्चिमेकडे वस्ती करावयास जाणारे गरीब प्रवासी वाटेत त्यांच्या शहरात अडकून पडत, म्हणून त्यांनी मालमत्तेचा तिसरा हिस्सा त्या प्रवाशांच्या मदतीसाठी ठेवला. हेतू किती चांगला! पण पुढे आगगाडी आली, बैलगाड्यांचे तांडे थांबले आणि मदत घ्यावयास माणूस मिळेना. पैसा साठत राहिला आणि कोर्टकचेऱ्या मागे लागल्या. मेलेल्या माणसाचा हात जिवंतांच्या कामावर असा पडून राहतो, हे पाहून क्लीव्हलंड शहरातील फ्रेडरिक गॉफ नावाच्या बँकेच्या चालकाने १९१४ साली एक नवी व्यवस्था उभी केली. गावातील पुष्कळ दात्यांचे निधी एकाच संस्थेत ठेवावयाचे, प्रत्येकाचा हिशेब वेगळा राखावयाचा आणि एखादा उद्देश कालबाह्य झाला, तर संस्थेच्या मंडळाने तो पैसा गावाच्या दुसऱ्या गरजेकडे वळवावयाचा.

त्यातूनच पुढे दात्याच्या सल्ल्याने चालणारा निधी निघाला. आपण पैसा संस्थेला एकदा देऊन टाकतो. तो परत मागता येत नाही. मालकी संस्थेची. पण त्यातून दरवर्षी कोणाला मदत करावी, याचा सल्ला आपण हयात असेतो देत राहतो आणि आपल्यामागे सल्ला कोणी द्यावा, तेही सांगून ठेवतो. मुलगी, भाची, जुनी विद्यार्थिनी, कोणीही. सल्ला योग्य की अयोग्य, हे पाहण्याचा शेवटचा अधिकार मात्र संस्थेचा असतो. मुलीला सासरी देताना आपण जसे म्हणतो, की आता ती तुमची, पण आमचा शब्द अधूनमधून ऐका, तसेच काहीसे हे आहे.

आपल्याकडे अशा निधीचा स्वतंत्र कायदा नाही. तरी नोंदणी झालेल्या सार्वजनिक न्यासाशी लेखी ठरवून ही गोष्ट बरीचशी साधता येते. महाराष्ट्रातील न्यास १९५० च्या कायद्याखाली धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेले असतात, त्यांचे हिशेब तपासले जातात. अशा न्यासाला कायम निधी म्हणून रक्कम द्यावयाची, मुद्दलास हात न लावता उत्पन्न खर्च करावयाचे, आणि सोबत पत्र जोडावयाचे. त्या पत्रात मुख्य उद्देश असावा, तो शक्य नसेल तर जवळचा दुसरा उद्देश असावा आणि आपल्यामागे सल्ला देणाऱ्याचे नाव असावे. न्यासाच्या विश्वस्तांनी ठराव करून ते स्वीकारले, म्हणजे काम पक्के. असे दोन-तीन वाक्यांचे पत्र १९६८ साली निळ्या फाईलीत असते, तर त्या मुलीची फी भरली गेली असती. आता मात्र उद्देश बदलावयाचा, तर धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयाच्या पायऱ्या चढणे आले. तो अर्ज आपल्या कार्यकारिणीने या वर्षी करण्याचे ठरवले आहे, हे सांगण्यास मला आनंद वाटतो.

उद्देश रुंद ठेवला म्हणजे काय होते, याचे उत्तम उदाहरण मुंबईतच आहे. मेहरबाई टाटा १९३१ साली रक्ताच्या कर्करोगाने गेल्या. पती सर दोराबजींनी १९३२ साली त्यांच्या स्मरणार्थ त्या रोगाच्या संशोधनासाठी एक न्यास केला, आणि त्याच वर्षी आपली जवळजवळ सारी संपत्ती दुसऱ्या एका न्यासाकडे सोपवली. या दुसऱ्या न्यासाला एका रोगाचे, एका जातीचे किंवा एका गावाचे बंधन घातले नाही. त्याच वर्षी दोराबजीही गेले. पुढे १९४१ साली त्याच न्यासाच्या पैशातून मुंबईत कर्करोगाचे टाटा रुग्णालय सुरू झाले. तेथे आपल्यापैकी किती घरांतील माणसे जाऊन आली असतील!

तुम्ही म्हणाल, हे टाटांचे झाले. आमच्यापाशी आहे काय? एक ब्लॉक, थोड्या ठेवी, चार बांगड्या. भगिनींनो, दोन लाखांची ठेव साडेसहा टक्क्यांनी ठेवली, तर वर्षाला तेरा हजार येतात. गावातील एका मुलीच्या वह्यापुस्तकांची आणि बसच्या पासाची सोय त्यात होते. मात्र महागाई विसरू नका. शंभर रुपयांची शिष्यवृत्ती १९६० साली शिष्यवृत्ती होती, आज तो चेष्टेचा विषय आहे. म्हणून व्याजातील थोडा भाग दरवर्षी मुद्दलात घालावा, असेही त्या पत्रात लिहावे.

आता प्रत्यक्ष काय करावयाचे, ते थोडक्यात सांगते.

पहिली गोष्ट, आधी घरच्यांचा आणि स्वतःचा विचार. दुबळे मूल, आजारी पती, आपले स्वतःचे म्हातारपण यांची तरतूद करून मग दान. हयातीत दिलेले दान परत येत नाही, मृत्युपत्र मात्र शेवटपर्यंत बदलता येते. म्हणून थोडे आज हाताने द्यावे, म्हणजे संस्था कशी वागते ते कळते, आणि मोठा हिस्सा मृत्युपत्रात ठेवावा.

दुसरी गोष्ट, मृत्युपत्राला स्टँप लागत नाही. साधा कागद चालतो, स्वतःच्या हाताने लिहिले तरी चालते. नोंदणी सक्तीची नाही, पण केलेली बरी. सही करताना दोन साक्षीदार हवेत, त्यांनी आपली सही पाहावी आणि आपल्यासमोर त्यांनी सह्या कराव्यात. ज्याला काही मिळावयाचे आहे, त्याला साक्षीदार करू नये, उगाच संशयाला जागा राहते. वय झाले असेल, तर डॉक्टरांचा दाखला जोडावा. तारीख घालावी, कारण शेवटचे मृत्युपत्र खरे धरतात. अंमलबजावणी कोणी करावी, त्याचे नाव लिहावे आणि त्या माणसाला आधी विचारावे.

तिसरी गोष्ट, संस्थेचे नाव नोंदणी क्रमांकासह पूर्ण लिहावे. “अनाथाश्रमाला द्यावे” एवढेच लिहिले, तर कोणत्या, हा वाद उभा राहतो. ती संस्था पुढे बंद पडली तर कोणाला द्यावे, तेही लिहावे. रकमेऐवजी हिस्सा लिहिणे सोयीचे. “एक लाख” म्हटले आणि आजारपणात ठेवी संपल्या, तर घरच्यांची ओढाताण होते. “उरेल त्याचा दहावा भाग” म्हटले, तर कोणाचीच होत नाही.

चौथी गोष्ट, दान देताना पावती घ्या. दोन हजारांवरील रोख दानाला प्राप्तिकराची सूट मिळत नाही आणि ही सूट कराची जुनी पद्धत घेणारांनाच आहे. पण सवलतीसाठी दान करू नये. ती मिळाली तर घ्यावी, इतकेच.

हा कायदा मी हिंदू भगिनींपुरता सांगितला. आपल्या शेजारी इतर धर्मांच्या भगिनीही आहेत. मुस्लिम कायद्यात वारसांच्या संमतीवाचून साधारणतः तिसऱ्या हिश्श्यापर्यंतच मृत्युपत्राने देता येते. ख्रिस्ती भगिनींवर धर्मादायासाठी मृत्युपत्र करताना जे जाचक बंधन होते, ते सर्वोच्च न्यायालयाने २००३ साली रद्द केले. प्रत्येकीने आपल्यापुरते वकिलास विचारून घ्यावे.

शेवटी माझे स्वतःचे सांगते, नाहीतर तुम्ही म्हणाल, लोकांना सांगे ब्रह्मज्ञान. गेल्या दिवाळीनंतर मी माझे मृत्युपत्र केले. घर मुलाला, दागिने सुनेला आणि नातीला, आणि ठेवींतील पाचवा हिस्सा मुलींच्या शिक्षणासाठी एका न्यासाकडे. लिहिण्यापूर्वी मुलाला समोर बसवले. तो थोडा गप्प झाला. मग म्हणाला, “आई, मला आधी का नाही विचारलेस?” मी म्हटले, “विचारत नाही, सांगते आहे. पण तुला राग येऊ नये, म्हणून जिवंतपणी सांगते आहे.” दोन दिवस घरात बोलणे कमीच होते. तिसऱ्या दिवशी नातीने विचारले, “आजी, तुझ्यामागे त्या मुली कोणी निवडायच्या?” मी तिचेच नाव सल्लागार म्हणून लिहिले. आता ती अधूनमधून मला विचारते, शाळेत आमच्या वर्गात एक मुलगी आहे, ती चालेल का? मुलगाही हळूहळू निवळला. मागच्या महिन्यात त्या न्यासाचा वार्षिक अहवाल आला, तो त्यानेच आधी वाचला.

त्या पाचव्या हिश्श्याचा पहिला खर्च मावशीच्या वसतिगृहातील मुलींसाठी व्हावा, असे मी पत्रात लिहिले आहे. छप्पर त्यांनी केव्हाच बदलले, ते काही माझ्यासाठी थांबले नाहीत. वसतिगृहच पुढे राहिले नाही, तर जवळच्या दुसऱ्या वसतिगृहाला द्यावे, असेही लिहिले आहे. रेक्टरबाई आता निवृत्त झाल्या आहेत. मी त्यांना दुसरे पत्र पाठवले आणि या वेळी सोबत कागदाची प्रत जोडली.

पुढील महिन्याच्या पहिल्या शनिवारी दुपारी तीन वाजता आपल्या कार्यालयात एक वकीलबाई विनामूल्य सल्ला देण्यास येणार आहेत. येताना घरातील ठेवी, विमा, घराचे कागद यांची एक यादी करून आणा. यादी करताना पुष्कळ विसरलेले सापडते, असा माझा अनुभव आहे. ज्यांना मूलबाळ नाही, ज्या एकट्या राहतात, त्यांनी तर ही दुपार चुकवू नये.